सोडायचं ते

राखेच्या बुधवारी रोलँडोशी पाळी बदलून घेतली,
मुराद बख्शनं कंपनीच्या बसमधून
सोहारच्या चर्चपाशी उतरवलं.
फादरांनी अंगठा राखेत बुडवला,
नेहमीचं वाक्य पुटपुटले, पुढच्याकडे वळले.
परत आलो तर फाटकावरचा सुपरवायझर म्हणाला,
तोंड धू, कपाळाला कोक लागलाय.
कार्बन प्लांटमध्ये आम्ही अठ्ठेचाळीस जण,
सगळ्यांच्याच कपाळाला काही ना काही.
धुतलं नाही.
पण घामात कळेनासं झालं
कुठली राख देवाची, कुठली भट्टीची.

मग खाटेवर पालथा पडून हिशेब:
यंदा काय सोडू?

मटण म्हणावं, तर मेसमधलं मटण
सोडण्याइतकं कधी धरलंच नव्हतं.
दारू डॉक्टरांनी सोडवली,
तिचं पुण्य त्यांच्या खात्यात.
मागल्या वर्षी चहातली साखर सोडली,
ईस्टरच्या पहाटे कपात चार चमचे घातले
आणि ढवळता ढवळता माझीच मला लाज वाटली.
लहानपणी सोपं होतं. बय ठरवायची.
उपवासकाळात कोंबड्या अंगणात
आमच्या पायांत पायांत निर्धास्त फिरायच्या,
त्यांनाही जणू कॅलेंडर वाचता येत होतं.

खालच्या खाटेवरून वर्गीस म्हणाला,
अरे, इथे आलास तेव्हाच सगळं सोडलंस ना?
ऐकायला बरं वाटलं.
पण जे सुटलं
त्याला सोडलं म्हणता येत नाही.

उरला फोन.
फोनमध्ये एक चौकोन,
चौकोनात भुईगावची आमची ओटी.
दोन वर्षांपूर्वी वाडीतले केळीचे घड चोरीला गेले
म्हणून कॅमेरा लावला, चोरासाठी.
चोर पुन्हा आला नाही.
मी रोज येतो.
सबिना बावखलाकडून कधी परतली,
ॲल्ड्रिनची मोटरसायकल किती वाजता आत शिरली,
फाटकाशी कोण उभं राहिलं, किती वेळ,
दीड तास मागच्या घड्याळात बसून
मला सगळं ठाऊक.
आणि मग फोन करून साळसूदपणे विचारायचं,
आज कोण आलं होतं गं?
उत्तर जुळलं की झोप लागायची.

हे पापनिवेदनात कधी सांगितलं नाही.
कुठल्या खणात घालायचं, तेच कळेना.

गुरुवारी पहाटे ते ॲप काढून टाकलं.
दिवसभर अंगठा त्याच जागी जात राहिला,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसा.
पाचव्या दिवशी वाटलं, जमतंय.
नवव्या दिवशी न राहवून सबिनाला सांगितलं,
जरा ऐटीतच.
(त्यागाची बढाई मारू नये,
हेही बयनंच शिकवलं होतं.)

ती गप्प.
मग म्हणाली,
म्हणजे नऊ दिवस मी साडेसातला ओटीवर
लसूण सोलत बसते, ते कुणासाठी?
आत पंखा आहे. बाहेर डास फोडून खातात.

मला आठवलं, ती तिथे बसायची
तेव्हा केस नुकते विंचरलेले असायचे.
खांबाच्या अलीकडे बसायची, नेमकी,
पलीकडे बसली तर अर्धीच दिसली असती.
आणि मी फाटक बघत होतो.

फादरांना विचारायला हवं,
अर्धा दुसऱ्याचा असलेला त्याग चालतो का.
मी ठरवण्यापूर्वी तिला विचारायला हवं होतं,
हे मात्र विचारायची गरज नाही.

अजून महिना उरलाय.
ॲप परत घेतलं नाही.
इथले सहा वाजले की
पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहतो,
हेल्मेट काखेत, समुद्राकडे तोंड.
बघायला काही नाही. दोन जहाजं, तीही थांबलेली.

काल फोनवर एवढंच विचारलं,
डास आहेत का गं अजून?

आहेत, म्हणाली.